हरणाला गोळी नेमकी कुठे लागली पाहिजे? (मुलाच्या पहिल्या शिकारीच्या निमित्ताने)

कातळावरचा
नमस्कार मंडळी. आम्ही राजापूर तालुक्यातले, खाडीकडच्या बाजूचे. थोरला मुलगा पेनसिल्व्हेनियात असतो, ग्रीन कार्ड झालंय. त्याच्या ऑफिसातले लोक दरवर्षी थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी हरणाच्या शिकारीला जातात, तिथे रायफलचा सीझन त्या दिवशी उघडतो. यंदा यानेही रीतसर कोर्स करून लायसन काढलंय. परवा फोनवर म्हणाला, बाबा, मारायचं टेन्शन नाही, अर्धमेलं करून सोडलं तर काय ह्याचं टेन्शन आहे. ऐकून बरं वाटलं मला, खरं सांगतो.

आमच्याकडे आजोबांपासूनची ठासणीची बंदूक आहे, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर. निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात जमा करायची आणि झाली की परत आणायची, एवढाच तिचा प्रवास. मी बार काढले ते माकडं उठवायला, हवेत. त्यामुळे मला यातलं काही सांगता येत नाही. वाडीतले म्हातारे म्हणतात डोक्यात घालायची. मुलाला कोर्समध्ये शिकवलं छातीत. कोणाचं खरं? इथल्या शिकारीसाठी विचारत नाहीये, आपल्याकडे बंदी आहे आणि ती असायलाच हवी. ज्यांना माहिती आहे त्यांनी सविस्तर लिहा.

लांज्याचा_बंड्या
डोक्यातच काका. एक बार, जागच्या जागी आडवं. माझे मामा जुन्या काळात तसंच मारायचे असं ऐकलंय.

ओहायोतला_गुहागरकर
काका, मुलाचा कोर्स बरोबर आहे. बंड्या, रागावू नकोस पण डोक्याचा नेम नवख्याला कोणीही शहाणा माणूस सांगणार नाही, का ते खाली लिहितो.

मी इथे बरीच वर्षं हरणांच्या सीझनला जातो. व्हाइटटेल म्हणतात त्या हरणाला, आपल्या चितळापेक्षा जरा थोराड, शेपटीची खालची बाजू पांढरी, पळताना ती उभी करतं. त्याची जीव जाण्याची जागा म्हणजे छातीचा पिंजरा, दोन्ही फुफ्फुसं आणि त्यांच्या मध्ये थोडं खाली हृदय. बाजूने बघितलं तर ती जागा नाश्त्याच्या ताटलीएवढी, आठेक इंच. हरणाच्या अंगावर चुकीला एवढी माफी देणारी दुसरी जागा नाही. गोळी दोन बोटं इकडेतिकडे गेली तरी फुफ्फुसातच जाते.

नेम कसा धरायचा: हरीण पूर्ण आडवं, कूस आपल्याकडे, असं उभं असू दे. पुढच्या पायाच्या मागच्या कडेने नजर वर न्यायची. पोटाच्या रेषेपासून पाठीपर्यंत जेवढी उंची आहे तिचा खालचा तिसरा हिस्सा संपतो तिथे थांबायचं. तिथे गोळी लागली की दोन्ही फुफ्फुसं गेली. जास्त खाली गेली तर हृदय, जरा पुढे गेली तर खांदा. मागे गेली की मात्र वाट लागते, तिथे काळीज (म्हणजे यकृत, लिव्हर) आणि त्याच्या मागे पोट.

हरीण थोडं तिरकं असेल आणि तोंड पलीकडे असेल तर तेही चांगलं, कित्येकांना तेच जास्त आवडतं. तेव्हा अलीकडच्या पायाकडे बघायचंच नाही, पलीकडचा पुढचा पाय बघायचा आणि गोळी तिकडे निघेल असा नेम धरायचा, म्हणजे ती बरगड्यांच्या मागच्या बाजूने शिरून छाती तिरकी पार करते. तोंड आपल्याकडे करून तिरकं असेल तर थांबायचं. तिथे गोळी एकच फुफ्फुस घेऊन सरळ पोटात उतरते आणि एका फुफ्फुसावर हरीण तासन् तास चालू शकतं. पाठमोरं असेल तर बंदूक खाली. पळत असेल तर बंदूक खाली. डोंगराच्या कडेवर आकाशाला लागून उभं असेल तरी बंदूक खाली, कारण गोळी पुढे कुठे जाईल ते दिसत नाही.

लांज्याचा_बंड्या
रागावलो नाही दादा. पण छातीत लागल्यावर पळतं ना ते? डोक्यात लागलं तर पळत नाही, मग त्रास कुठे जास्त?

गुरांचा_डॉक्टर_चिपळूण
बंड्या, प्रश्न चांगला विचारलास, याचं उत्तर शरीरात आहे.

दोन्ही फुफ्फुसं फुटली की रक्तदाब धाडकन कोसळतो, मेंदूला रक्त पोचत नाही, आणि काही सेकंदांत शुद्ध जाते. ते जे पन्नास-शंभर यार्ड पळतं ते त्याच काही सेकंदांत. बघणाऱ्याला वाटतं निसटलं, प्रत्यक्षात शुद्ध गेली की ते तिथेच कोसळतं. डोक्यात गोळी मेंदूला लागली तर त्याहून झटपट, हे तुझं बरोबर आहे. पण मेंदू केवढा? डोकं एवढं मोठं दिसतं त्यात मेंदू वर आणि मागे, मूठभर. बाकी सगळा जबडा, नाक आणि दात. शिवाय जनावराच्या अंगात सगळ्यात जास्त हलणारी गोष्ट म्हणजे डोकं. कान टवकारतं, मान खाली घालतं, माशी बसली की झटकतं. चाप ओढल्यापासून गोळी पोचेपर्यंत ते चार बोटं सरकलं तरी मेंदूच्या जागी जबडा.

आणि जबडा फुटलेलं जनावर कसं असतं ते मी पाहिलंय. डुकरासाठी कोणीतरी रानात गावठी बॉम्ब ठेवला होता, चरायला गेलेल्या गाईने तो चावला. खालचा जबडा मधोमध फाटलेला. मालकाने समोर हिरवा चारा टाकला तर ती पुढे आली, हुंगला, जिभेने ओढायला बघत होती आणि तो तसाच खाली पडत होता. बादलीत तोंड घातलं तर पाणी आत जाण्याऐवजी लाळ आणि रक्ताचे लांब धागे बादलीत उतरले. भूक होती तिला. डोळे टक्क उघडे, सगळं कळत होतं. ती आमच्या हातात होती म्हणून इंजेक्शन देऊन सोडवता आलं. रानातल्या हरणाला कोण सोडवणार? ते आठवडाभर उपाशी हिंडतं आणि मग मरतं. म्हणून डोकं नको.

मानेचंही तसंच. कणा लागला तर जागच्या जागी कोसळतं, पण कणा बारीक, आणि वरखाली लागली तर नुसतं मांस फाटतं किंवा श्वासनळी.

शमिका_देवरूख
सगळं वाचलं, डॉक्टरांचं वाचून पोटात कालवलं. मला मुळात हेच कळत नाही की मारायचंच कशाला? पोटासाठी नाही, पिकासाठी नाही. काका, तुमच्या मुलाला तिथे दुकानात मटण मिळत नाही का?

ओहायोतला_गुहागरकर
शमिकाताई, हा प्रश्न इथेही घराघरांत विचारला जातो. माझ्या बायकोने विचारला होता. अमेरिकेच्या पूर्व भागातून लांडगा कधीच संपवला, कूगर पण गेला. हरणं खाणारं मोठं जनावर उरलं नाही आणि हरणं वाढत राहिली. जंगलात नवीन झाडाची रोपं वर येऊ देत नाहीत, शेंडा दिसला की खाल्ला. रस्त्यावर गाड्यांना धडकतात, ते मरण तर कोणीच बघू नये, पाय मोडून गटारात पडलेलं असतं. पेनसिल्व्हेनियात अलीकडे दर सीझनला चार लाखांच्या वर हरणं शिकारीत जातात आणि तरी ती कमी होत नाहीत. कुठल्या भागात किती माद्यांची लायसन्स द्यायची ते तिथलं गेम कमिशन, म्हणजे शिकारीचं सरकारी खातं, ठरवतं. म्हणजे मनाला येईल तेवढी मारा असं नाही.

दुकानातल्या मटणाबद्दल एवढंच म्हणतो की तेही कोणीतरी मारलेलंच असतं.

शमिका_देवरूख
पटलं असं नाही म्हणणार, पण समजलं. आणि मारायचंच असेल तर निदान असा प्रश्न विचारून मारणारा बरा, हे काकांच्या मुलासाठी.

व्हाळातलो_खेकडो
ह्या सगळा हरणाचा झाला. पण हय कोण डुकराक ह्याच जागेर नेम धरीत तर फसात, म्हणान लिवतंय.

डुकराचा हृदय-फुफ्फुस हरणापेक्षा पुढे आणि खाली असता. हरणाची जागा म्हणान पायाच्या मागे मारल्यात तर गोळी पोटात. आणि मोठ्या नराच्या खांद्यार जाड चामड्याचो थर असता, ढालच ती. छऱ्यानी त्येका काय होणा नाय, नुसतो पिसाळता. आणि जखमी डुकर लांब जाणा नाय, करवंदीच्या जाळीत बसता. माणूस वाकान बघूक गेलो की खालसून येता, थेट मांडयेर. आमच्या वाडीत एका माणसाची मांडी अशी फाडलेली की चालताना अजून पाय ओढता.

निवृत्त_वनपाल
खेकडोबांनी डुकराचा विषय काढलाच आहे तर कायद्याचं एकदा स्पष्ट लिहितो, नाहीतर वाचणारा कोणीतरी चुकीचा अर्थ काढेल.

१९७२च्या वन्यजीव कायद्याने आपल्याकडे सांबर, चितळ, भेकर, पिसोरी कशाचीच शिकार करता येत नाही. डुकराने पिकाचं नुकसान केलं तरी वनखात्याची लेखी परवानगी लागते, आणि परवानगीने मारलेलं जनावरसुद्धा सरकारचं, वाटे घालून घरी न्यायचं नाही. शेतीसंरक्षणाचा बंदूक परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे, ही गल्लत कोकणात घरोघरी आहे. अंगावर आलेल्या जनावरापासून जीव वाचवताना ते मेलं तर तो गुन्हा धरत नाहीत, पण ते प्रामाणिकपणे तसं घडलेलं असायला हवं. पीक गेलं असेल तर नुकसानभरपाईचा अर्ज करा, पंचनामा करून घ्या, कंटाळा करू नका.

आता धाग्याच्या विषयावर. नोकरीत मी बंदुकीने मेलेली जनावरं कमी आणि फासकीतली जास्त पाहिली. स्कूटरच्या क्लचची वायर असते ना, तिचा सरकफास करून डुकराच्या वाटेवर झुडपाला बांधतात. त्यात डुक्कर अडकतंच असं नाही, बिबट्या अडकतो, आणि बहुतेक वेळा कमरेत. पुढे जाण्यासाठी जोर लावतो तसा फास आवळत जातो. आम्ही पोचेपर्यंत आजूबाजूची सगळी माती उकरलेली, झाडाची साल नखांनी सोललेली, आणि वायर कातड्यात इतकी रुतलेली की वरून दिसत नाही, केस बाजूला करून शोधावी लागते. बाहेरून धड दिसणारा बिबट्या आतून गेलेला असतो. इथे गोळी कुठे लागावी यावर एवढी कळकळीने चर्चा चालली आहे, त्यातल्या प्रत्येकाने आपापल्या वाडीत फासकीबद्दल तोंड उघडलं तर फार होईल. दिसली की हेल्पलाइन १९२६ला फोन करा.

कातळावरचा
वनपाल साहेब, आमच्या सड्यावर दोन वर्षांमागे अशीच वायर कुत्र्याच्या गळ्यात सापडली होती. ग्रामसभेत विषय घेतो, शब्द देतो.

मुलाने हा धागा वाचला. त्याचे दोन प्रश्न आहेत. एक, किती लांबून मारावं? दोन, गोळी लागल्यावर लगेच धावत जायचं का?

बर्गनचा_मालवणी
पहिल्याचं उत्तर मी देतो. नॉर्वेत मोठ्या जनावराची शिकार करणाऱ्याला दर वर्षी नेमबाजीची परीक्षा द्यावी लागते, आयुष्यभर, कितीही जुना असला तरी. आधी ३० सरावाच्या गोळ्या, मग परीक्षेच्या ५. शंभर मीटरवर जनावराच्या आकाराचं चित्र, त्यावर ३० सेंटीमीटरच्या वर्तुळात पाचही पाहिजेत. चार बसल्या तर नापास. शिवाय रक्ताचा माग काढणारा शिकवलेला कुत्रा बोलावता येईल अशी सोय आधी दाखवावी लागते, त्याशिवाय मूस किंवा हरणाच्या मागे जाताच येत नाही.

तर मुलाला सांगा, अंतर किती ते स्वतःच्या हाताला विचार. टेबलावर वाळूची पिशवी ठेवून मारलेल्या गोळ्या मोजायच्याच नाहीत. गुडघ्यावर बसून, झाडाला टेकून, जाड जॅकेट आणि हातमोजे घालून, दोन मजले पळत चढून आल्यावर छाती धडधडत असताना जेवढ्या अंतरावरून सगळ्या गोळ्या त्या ताटलीएवढ्या जागेत पडतात तेवढं त्याचं अंतर. पन्नास यार्ड आलं तर पन्नास. हरीण साठवर असेल तर बघून घे, फोटो काढ, घरी ये.

ओहायोतला_गुहागरकर
बर्गनकरांशी शंभर टक्के सहमत. आमच्या ओहायोत तर नेहमीची लांब पल्ल्याची रायफल हरणाला चालतच नाही, शॉटगनचा स्लग (छऱ्यांऐवजी एकच जाड गोळी) नाहीतर सरळ नळकांड्याची काडतुसं, त्यामुळे जवळ जाणं आपोआप शिकतो माणूस.

दुसऱ्या प्रश्नावर जरा लांब लिहितो कारण अर्धी हरणं वाया जातात ती इथे.

बार काढला की पहिली गोष्ट, दुसरं काडतूस भरून तयार राहायचं आणि डोळे हरणावरून काढायचे नाहीत. उठून नाचायचं नाही. कसं दचकलं ते बघ. मागचे पाय झाडून उधळलं तर बहुधा हृदय-फुफ्फुसाच्या आसपास. पाठीची कमान करून आखडत, हळूहळू चालत गेलं तर पोटात लागली, वाईट. कुठल्या झाडापाशी शेवटचं दिसलं ते मनात पक्कं कर, कारण उठून गेल्यावर सगळी झाडं सारखी दिसतात.

मग थांबायचं. समोर पडलेलं दिसत असेल तर वेगळं, नाहीतर निदान अर्धा तास. पाठलाग केला की जखमी हरीण उठून पळतं, तेच सोडून दिलं तर पहिल्या झाडोऱ्यात बसतं आणि तिथेच जातं.

मग गोळी लागली त्या जागी जाऊन रक्त बघायचं. गुलाबी, फेस असलेलं, बुडबुडे असलेलं रक्त म्हणजे फुफ्फुस, शांतपणे मागावर जा. गडद, काळपट लाल म्हणजे काळीज, तीनचार तास थांब. रक्त थोडं, त्यात हिरवट-तपकिरी चोथा आणि घाण वास असेल तर पोट. मग सहा तास, जमलं तर त्याहून जास्त, आणि माग काढणाऱ्या कुत्र्यावाल्याला फोन. पेनसिल्व्हेनियात पट्ट्याला बांधलेला कुत्रा चालतो. प्रत्येक रक्ताच्या थेंबापाशी टिश्यू पेपरचा तुकडा ठेवत जा. माग हरवला तर मागे वळून बघितलं की कागदांची रेघ दिसते आणि हरीण कुठल्या दिशेला चाललंय ते कळतं.

सापडलं तरी घाई नको. मागून, पाठीकडून जायचं. डोळे उघडे आणि स्थिर असतील तर लांब काठीने डोळ्याला स्पर्श करून बघ. पापणी हलली तर लगेच शेवटची गोळी, विचार करत बसायचं नाही.

लांज्याचा_बंड्या
मी मामांना फोन केला काल. विचारलं की डोक्यातच का मारायचा. म्हणाले अरे रात्री बॅटरी मारायचो, अंधारात फक्त डोळे चमकायचे, बाकी अंग दिसायचंच नाही, मग दुसरीकडे मारणार कुठे. आणि म्हणाले सकाळी कितीतरी वेळा नुसतं रक्त मिळायचं, जनावर नाही. हे त्यांनी आधी कधीच सांगितलं नव्हतं.

निवृत्त_वनपाल
तुझ्या मामांनी खरं सांगितलं, त्यांना माझा नमस्कार सांग. बॅटरीच्या उजेडात चमकणारे डोळे हरणाचे की कुत्र्याचे की वाडीतल्या गाईचे हेही कळत नाही. डुक्कर समजून माणसाला बार लागल्याच्या बातम्या कोकणात अधूनमधून येतातच.

ओहायोतला_गुहागरकर
इथे म्हणूनच वेळ बांधून दिलेली असते. सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत, बस.

सुक्या_बांगड्याची_चटणी
मी फक्त वाचत होते पण आता राहवत नाही. त्या मांसाचं करतात काय? आपल्या मालवणी मसाल्यात लागेल का? 😋

ओहायोतला_गुहागरकर
लागतं की. चरबी जवळजवळ नसते म्हणून कोरडं पडतं, त्यामुळे कांदा-खोबऱ्याचं वाटण जरा सढळ हाताने आणि मंद आचेवर. एक लक्षात ठेवायचं, शिशाची गोळी आत फुटून बारीक कण लांबपर्यंत पसरतात, तेव्हा जखमेभोवतीचं मांस सढळ कापून टाकायचं. घरात लहान मूल असेल तर तांब्याच्या गोळ्या वापरा, त्या फारशा फुटत नाहीत. आणि पेनसिल्व्हेनियात २०१२पासून हरणांत सीडब्ल्यूडी नावाचा मेंदूचा रोग सापडतोय, त्या भागातलं असेल तर टेस्टचा रिपोर्ट आल्याशिवाय खायचं नाही, आणि मेंदू-मज्जा कधीच नाही. जास्त झालं तर तिथे १९९१पासून हंटर्स शेअरिंग द हार्वेस्ट म्हणून योजना आहे, मांस गरजूंच्या जेवणासाठी देता येतं.

सुक्या_बांगड्याची_चटणी
शमिकाताई, हे वाचलंत का?

शमिका_देवरूख
वाचलं. गरजूंना देतात हे आवडलं. मेंदूच्या रोगाचं वाचून मात्र शाकाहारी असल्याचं समाधान वाटलं.

कातळावरचा
सगळ्यांचे आभार, एवढं मिळेल वाटलं नव्हतं. मुलाशी बोलून त्याने ठरवलंय ते लिहितो. गुडघ्यावर बसून त्याचा नेम साठ यार्डांपर्यंत खात्रीचा पडतोय, म्हणजे साठच्या पुढचं हरीण त्याच्यासाठी नाही. आडवं किंवा तोंड पलीकडे असलेलं तिरकं, एवढीच दोन रूपं. कुत्रावाल्याचा नंबर आधीच घेऊन ठेवलाय. आणि सीझन रिकामा गेला तरी चालेल असं तो आपणहून म्हणाला.

त्याची शेवटची एक शंका. मित्राने त्याला झाडावरच्या मचाणात जागा दिली आहे, वीसेक फूट उंच. वरून नेम तोच का?

ओहायोतला_गुहागरकर
नाही, वरून बदलतो. गोळी तिरकी खाली जाते म्हणून ती कुठे शिरते यापेक्षा पलीकडे कुठे निघेल ते बघायचं, पलीकडच्या पुढच्या पायाच्या जरा वर निघाली पाहिजे. म्हणजे शिरताना नेहमीपेक्षा थोडी वर. हरीण अगदी झाडाखाली आलं तर मारायचं नाही, तिथून दोन्ही फुफ्फुसं मिळत नाहीत, वीस-तीस यार्ड लांब जाऊ दे. बाहेर पडायचं भोक खाली असतं त्यामुळे रक्त जमिनीवर नीट पडतं, हा मचाणाचा फायदा. आणि चढताना-उतरताना कमरपट्टा नाही, पूर्ण अंगाचा हार्नेस, बंदूक रिकामी करून दोरीने वर ओढायची. भगवं जॅकेट नि टोपी विसरू नको म्हणावं, तिथे डोकं, छाती, पाठ मिळून २५० चौरस इंच दिसायला लागतं.

व्हाळातलो_खेकडो
काका, झिलाक सांगा शनिवारी रात्री हय लिवूक. मिळूंदे नायतर नको मिळूंदे.